अण्णांच्या गाडीचे नवे पार्ट

रिमोटच्या गाडीला भारीतले पार्ट घ्यावेत का, हे मला विचारू नकोस बाबा. मी दमलोय त्यात.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आमचे अण्णा बिरवाडीच्या घरी अंगणात नुसते बसून असायचे. बोटांना व्यायाम म्हणून मी त्यांना रिमोटची गाडी आणून दिली. त्यांचा त्यात जीव रमला. मग एक दिवस प्लास्टिकचा गिअर तुटला. मी हौसेनं लोखंडी गिअर बसवला, तर ॲक्सल वाकला. ॲक्सल बदलला, तर मोटर जळली. मग सगळ्यात जोरदार मोटर मागवली. महिनाभर कंपनीतली शिफ्ट करून यायचं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचं.

शेवटी गाडी अण्णांपुढे ठेवली. त्यांनी बटण जरासं दाबलं, आणि गाडी सुसाट जाऊन भिंतीवर आपटली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी रिमोट मांडीवर ठेवून दिला.

"काय झालं अण्णा? आवडली नाय?"

"गाडी चांगली केलीस रे," अण्णा म्हणाले. "आता हाताचा पार्ट कुठं मिळतो काय बघ."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यासारखीच मंद मोटर मागवली.