सबुरी सर आणि स्टूल

...आणि वर आमचे मॅनेजर मलाच विचारतात, "अगं, एवढं दचकायला काय झालं?" काय झालं? तुम्हाला सांगते, माणूस मागून येतो, पावलांचा आवाज नाही, खोकणं नाही, खाकरणं नाही, थेट कानाशी तोंड आणून, "झालं का?" मग मी काय करावं? टाळ्या वाजवाव्यात? माझ्या हातातली कॉफी कीबोर्डवर, कीबोर्डवरचा हात कपाळावर, आणि अख्खं ऑफिस माना वळवून बघतंय... दचकलं कोण? मी! दुसरं कोण?

बरं, मी काही घाबरट नाही. म्हणजे आहे. पण कारणाशिवाय नाही. आता आमचं काम ऐका. दातांच्या डॉक्टरांसाठी पेशंटच्या वेळा ठरवायचं सॉफ्टवेअर. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? एक डॉक्टर, एक खुर्ची, सव्वादहाची वेळ, एक पेशंट. यात चुकायला आहे काय? मलाही तेच वाटायचं. तीन वर्षं वाटत होतं! आणि एक दिवस एका डॉक्टरांचा फोन आला, आमच्या मॅनेजरनी तो स्पीकरवर टाकला, आणि आवाज कसा, तर अगदी शांत. शांत माणसांची मला जास्त भीती वाटते. "नमस्कार. माझ्याकडे सव्वादहाला दोन पेशंट आलेत. दोघांकडे तुमचाच मेसेज आहे. खुर्ची एक आहे. मी काय करू? एकाच्या मांडीवर दुसऱ्याला बसवू?"

सगळे हसले. दचकलं कोण? मी! कारण तो कोड आता माझ्याकडे यायचा होता.

तो लिहिलेला सबुरी सरांनी. खरं नाव वेगळं आहे हो, पण ते पगाराच्या चिठ्ठीवर. बावीस वर्षं या धंद्यात, अर्ध्या बाह्यांचा एकच तपकिरी स्वेटर, आणि काहीही होवो, तोंडात एकच शब्द : "सबुरी." सर्व्हर बंद पडला? सबुरी. ग्राहक ओरडतोय? सबुरी. एकदा आगीची घंटा वाजली, आम्ही सगळे जिन्यातून धडाधड खाली, मी तर एका चपलेनिशी, आणि सर कुठे? वर, भिंतीवरची सूचना वाचत उभे! "सबुरी, हा दर महिन्याचा सराव आहे." आणि होता, हो!

तर नऊ वर्षांपूर्वी सरांनी ते थ्रेडचं प्रकरण लिहिलं. थ्रेड म्हणजे काय... समजा, दवाखान्यात वही एकच आहे, पण वेळ लिहून देणारे कारकून दहा, आणि दहाही जण एकाच वेळी कामाला लागलेत. का? तर काम भराभर व्हावं म्हणून. होतंच की भराभर! पण दोन कारकून एकाच क्षणी वहीत डोकावले, दोघांना सव्वादहाची जागा रिकामी दिसली, दोघांनी आपापला पेशंट लिहिला... झालं! मांडीवर मांडी. नऊ वर्षांपूर्वी पेशंट कमी होते, टक्कर व्हायची नाही. म्हणून सरांनी तिथे एक साधी ओळ टाकून शेजारी लिहून ठेवलं होतं, "तात्पुरतं." नऊ वर्षं झाली. आमच्या धंद्यात "तात्पुरतं" म्हणून लिहिलेल्या ओळीला कोणी हात लावत नाही. माळ्यावर टाकलेल्या बॅगेसारखी ती तिथेच राहते.

मग सरांना का नाही विचारलं, म्हणता? अहो, तिथेच तर घोळ! आठ महिन्यांपूर्वी आमच्या मॅनेजरच्या मनात आलं, "असा हिरा! असा हिरा आपल्याकडून जाता कामा नये!" म्हणून हिऱ्याचं काय केलं? काचेच्या केबिनमध्ये ठेवला. बढती! हाताखाली अकरा माणसं. सकाळी त्यांच्या रजा, दुपारी त्यांची वेळापत्रकं, संध्याकाळी त्यांची भांडणं. कोड? कोडला हातसुद्धा लावायचा नाही, ते आता खालच्या लोकांचं काम! आणि आठ महिन्यांनी एका सोमवारी हिऱ्याने राजीनामा दिला.

पळापळ! एचआरच्या बाई वही घेऊन केबिनमध्ये. "सर, काय हवंय सांगा. गाडीला जागा देतो, पाठीला आराम देणारी खुर्ची देतो, पद आणखी वाढवतो..." सर म्हणाले, "आणखी वाढवलंत तर माझा कॉम्प्युटरच काढून घ्याल." बाईंनी वहीत लिहिलं : "कॉम्प्युटर नको." आणि मॅनेजर माझ्या मागे येऊन, "थ्रेड आता तू बघायचे हं. सर महिन्याभरात जाणार." मागून! दचकलं कोण, ते सांगत नाही.

तर मी बसले बग, म्हणजे कोडमधली चूक, शोधायला. प्रोग्रॅममध्ये पाचशे खोटे पेशंट सोडायचे आणि टक्कर होते का बघायचं. सोडले. सात टकरा! धावत सरांकडे. सर आले, आमच्या टेस्टरताईने एक स्टूल ओढून दिलं, सर माझ्या शेजारी बसले, म्हणाले, "दाखव." सोडले पाचशे. टक्कर? एकही नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर गेले. पुन्हा सोडले. नऊ! बोलावलं. शून्य! गेले. सहा! टेस्टरताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि चौपट धीट, ती म्हणाली, "अगं दचकू, सरळ आहे. तो बग त्यांना घाबरतो." आणि हिने फळ्यावर तक्ता काढला! "सर हजर : शून्य. सर गैरहजर : बावीस." हसू नका, आम्ही प्रयोगसुद्धा केला, सरांचा स्वेटर मागून आणून स्टुलावर ठेवला. तीन टकरा. म्हणजे स्वेटरला थोडा मान होता, पण भागण्यासारखं नव्हतं.

मॅनेजरनी तक्ता पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. "पुरावा! वर पाठवतो! या माणसाला कसंही करून ठेवलंच पाहिजे!" फोटो काढला आणि पाठवलासुद्धा.

पण मी काय बघत होते माहितीये? मी स्टुलाकडे बघत होते. रोज दोन-दोन तास सर त्या डुगडुगत्या स्टुलावर, शर्टाच्या बाह्या वर सरकवलेल्या, माझी बिस्किटं मला न विचारता खातायत, आणि... "थांब थांब थांब! मागे जा! हे बघ, हे बघ काय करतंय ते!" सबुरी सर! घाई करत होते! बावीस वर्षांच्या माणसाचा चेहरा मधल्या सुट्टीतल्या पोरासारखा. मग काचेपलीकडून कोणीतरी रजेचा अर्ज हलवून दाखवायचं, आणि सर उठायचे, बाह्या खाली करायचे. तुम्हाला सांगते, मला गलबलून यायचं.

आणि मंगळवारी दुपारी काय झालं? सर मीटिंगमध्ये. मी एकटी. पाचशे पेशंट सोडणार, इतक्यात मागून मॅनेजर, "झालं का?" दचकलं कोण? मी! आणि दचकून बोट पडलं ते भलत्याच बटणावर. सर आले की मी नेहमी दाबते ना, त्या. कशासाठी? तर लॉग चालू करायला. लॉग म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी, प्रत्येक कारकुनाने आपण काय करतोय ते तिच्यात लिहायचं. सरांना सगळं नीट दिसावं म्हणून मी ती चालू करायची, ते गेले की बंद. त्या दिवशी सर नव्हते, रोजनिशी चालू होती, आणि टकरा? शून्य!

कळलं का तुम्हाला? रोजनिशी एक, पेन एक! लिहायला कारकुनांची रांग लागते, एकेक जण पुढे सरकतो, आणि म्हणून वहीपाशी गर्दीच होत नाही. बग सरांना घाबरतच नव्हता. अहो, जगात घाबरत होते ती मी एकटी!

दोन दिवस कोणाला बोलले नाही. बोलायचं कसं? खरं सांगितलं की तक्ता खोटा, तक्ता खोटा की वर पाठवलेला पुरावा खोटा, पुरावा खोटा की सर जाणार. आणि सर गेले नाहीत तरी स्टूल जाणार! आणि नाही सांगितलं, तर तिकडे लोक दातदुखी घेऊन एकमेकांच्या मांडीवर! आईचा फोन आला, "आवाज असा का? जेवलीस का? नोकरी गेली का?" तिन्ही प्रश्न एका श्वासात. आईला कुठलीही रांग चालत नाही.

शेवटी पाण्याच्या यंत्रापाशी सरांना गाठलं. "सर, बग तुम्हाला घाबरत नाही."

सर पाणी प्यायले. सावकाश. "हं. चौथ्या दिवशी कळलं मला. तू लॉग चालू करतेस."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कागदी कप चुरगाळला. "स्टूल गेलं असतं गं."

मी म्हटलं, "पण सर, ते पेशंट..." तर म्हणाले, "सबुरी. त्याच दिवशी सगळ्या दवाखान्यांसाठी लॉग चालू करून ठेवलाय. जरा हळू चालतंय, पण मांडी बंद. तात्पुरतं." आणि जाता जाता, "उद्या मीटिंगमध्ये खरं ते सांगून टाक. मी तर जाणारच आहे."

मी सांगणार? मीटिंगमध्ये? रात्रभर मी आरशासमोर एकच वाक्य म्हणत होते, आणि आरशातलीसुद्धा माझ्याकडे बघत नव्हती!

दुसऱ्या दिवशी सगळे हजर. मॅनेजर उभे, "आनंदाची बातमी! वरून मंजुरी आली! सरांना ठेवायचं! आणखी मोठी केबिन, आणि अकराच्या जागी वीस माणसं!" मी सरांकडे पाहिलं. सरांनी बाह्या अगदी मनगटापर्यंत खाली ओढल्या. मी तोंड उघडलं, आवाज नाही. पुन्हा उघडलं, नाही. आणि तेवढ्यात भिंतीवरचा प्रोजेक्टरचा गुंडाळायचा पडदा सुटला... फाडकन वर! दचकलं कोण? मी! आणि दचकले ती सुटलेच, "बग सरांना घाबरत नाही रोजनिशीसाठी रांग लागते म्हणून टक्कर होत नाही तक्ता चुकलाय पण सर चुकले नाहीत दुरुस्ती एवढीशी आहे आम्ही दोघं मिळून करू सरांना केबिन नको वीस माणसं नको अकरापण नको त्यांना स्टूल हवंय!"

एचआरच्या बाईंनी वही चाळली. "आमच्या यादीत स्टूल नाहीये."

मॅनेजर सरांकडे वळले. "हे... खरंय?"

मला वाटलं, आता म्हणणार सबुरी. तर म्हणाले, "हो." आणि लगेच, "पण ते नको. ते डुगडुगतं."

राहिले हो! राजीनामा मागे! आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, चार पक्क्या पायांच्या खुर्चीवर, दिवसभर कोड, आणि बिस्किटं माझीच. नऊ वर्षांची ती ओळ आम्ही दोघांनी काढली, वहीला व्यवस्थित कुलूप घातलं, एका वेळी एकच कारकून. सगळं गोड झालं, म्हणता? थांबा ना. मॅनेजर पुन्हा मागून आले. "अगं, केबिन रिकामी पडलीय. अकरा माणसांना कोणीतरी हवं. परवा मीटिंगमध्ये किती खणखणीत बोललीस तू!" मी सरांकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. सरांनी मान वर न करता म्हटलं, "सबुरी."

आता त्या केबिनमध्ये मी. पाठ दाराकडे. अकरा माणसं, अकरा रजा, रांग नाही, कुलूप नाही, एकदम मागून, "मॅडम, झालं का?" म्हणून दाराबाहेर एक वही टांगली, दोरीला एक पेन बांधलं. आधी लिहा, मग एकेकाने आत या. चार दिवस काय सुखाचे गेले म्हणून सांगू! आज सकाळी कोणीतरी पेन पळवलं, आणि अकराच्या अकरा जण एकदम आत. दचकलं कोण... विचारू नका.

मॅनेजरना म्हटलं, हे मला झेपायचं नाही. तर त्यांनी किती प्रेमाने समजावलं! "अगं, कायमचं थोडंच आहे?" म्हणाले आणि दारावर माझ्या नावाखाली स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी चिकटवून गेले. मी बाहेर जाऊन वाचली.

"तात्पुरतं."

म्हणजे... नऊ वर्षं तरी गेली.