मास्तरांचा खोकला

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून सगळ्यांना डोळे मिटून बसवलं होतं. निवृत्त इंग्रजीचे मास्तरही त्यांतच होते. शेजारी दोघी बहिणींची उजळणी चालली होती. थोरलीची परदेशी विहीण उद्या पहिल्यांदाच यायची होती.

“म्हण ताई, तुमच्या मुलीचा मला अभिमान आहे.”

“आय अ‍ॅम प्राउड फॉर युअर डॉटर.”

मास्तर खोकले.

“‘फॉर’ नसेल गं. ‘विथ’ म्हणून बघ.”

मास्तर पुन्हा खोकले.

“मग ‘ऑफ’?”

मास्तर गप्प.

“‘ऑफ’च! काका खोकले नाहीत. काका, तुम्ही मास्तर का हो?”

“होतो. या ‘ऑफ’पायी चाळीस वर्षं पोरांचे मार्क कापलेत. एकालाही सोडलं नाही.”

“मग मलाही सोडू नका. मुलगा म्हणतो, आई, तू नुसती हस. नुसती हसायला मी काय भिंतीवरचा फोटो आहे?”

“ताई, तुझा फोन वाजतोय!”

“दिसत नाही गं, कुठे दाबू?”

“दाब कुठेही!”

फोन उचलला गेला, तोही स्पीकरवर.

“नमस्कार, विहीणबाई! मला तुमच्या मुलावर... मुलामध्ये... खूप अभिमान आहे. महिनाभर पाठ केलं. बरोबर?”

 थोरलीने फोनवर हात ठेवला.

“मास्तर, बरोबर बोलल्या ना हो त्या?”

“अगदी बरोबर. आता तुम्ही बोला. मी खोकणार नाही.”