खाडीतला बांबू आणि दोन आरामखुर्च्या

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय रामचंद्रशेठ, व्यासपीठावर विराजमान असलेले मुख्याध्यापक कमलेश सर, संस्थेचे पदाधिकारी, शिक्षकवृंद, आजी-माजी विद्यार्थी, बोर्लीचे ग्रामस्थ, आणि माझ्या उजव्या हाताला बसून माझ्या पँटीकडे रागाने बघणाऱ्या सत्कारमूर्ती केसर मॅडम, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, आपणा सर्वांना या हरेश्वरचा नमस्कार.

पँट गुडघ्यापर्यंत ओली आहे आणि माझ्यामुळे दीपप्रज्वलन खोळंबलं, हे खरं आहे. खुलासा करतो, पण आधी तक्रार.

सत्कारमूर्तींच्या यजमानांनी दोन गोड शब्द बोलावेत, असं कमलेश सर म्हणाले. गोड शब्द माझ्या आधीच्या वक्त्यांनी भरपूर बोलून झाले आहेत. केसर मॅडम म्हणजे ज्ञानाची अखंड ज्योत! वा! मंडळी, त्या ज्योतीबरोबर एका घरात राहून बघा. नीराबाईंकडे बोंबील आणायला गेली, तर बोंबील एवढा लिबलिबीत का असतो यावर तासभर चर्चा करून रिकाम्या पिशवीनं परत आली. मी त्या दिवशी बटाट्याची भाजी खाल्ली. नीराबाई समोरच बसल्या आहेत, हसताहेत. हसा, तुमचं काय जातंय?

आता मुख्य मुद्दा. भरती कधी पूर्ण होणार ते कळायला आपल्या किनाऱ्यावर घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आजोबांनी शिकवलं, मी पाठ केलं. सगळी नोकरी मी एसटीच्या गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात काढली, पण भरतीइतकी वक्तशीर गाडी पाहिली नाही. आणि ही एके दिवशी विचारते, "पाऊणपटच का हो?"

म्हटलं, "असते."

"पण का असते?"

आता याला काय उत्तर आहे? मी वैतागून विठोबा तांडेलांकडे पाठवली. सगळा जन्म दर्यावर काढलेला माणूस. ते म्हणाले, "बाय, दर्याला कोन इचारतो? तो येतो, आपन होडी काढतो न् जातो." कोणाचंही समाधान व्हायला हवं, नाही का? हिचं झालं नाही. वर मलाच म्हणाली, "हा हिशोब थोडा कमी पडत असणार. पंधरवडा संपत आला की जास्तच." म्हणजे माझे आजोबा चुकले? घरात आठवडाभर अबोला होता, तो यावरून. लोकांची भांडणं दागिन्यांवरून होतात, आमची चंद्रावरून.

मग हिनं बांबू आणला. त्यावर लाल-पांढरे पट्टे ओढले आणि आमच्या घरामागे खाडीत रोवला. पाणी कुठवर चढतं ते बघायला. मला सांगा, आपल्या रायगडात खाडीकाठी पट्ट्यांचा बांबू दिसला तर माणूस काय समजेल? मोजणी आली! प्रकल्प आला! दुसऱ्याच दिवशी उरणकडची एक पांढरी गाडी दारात. आतला इसम मला विचारतो, "काका, खाडीलगत दोन एकर मिलेगा क्या?" त्याला घालवतोय तोवर अख्खा गाव अंगणात. "भाऊ, आमची जमीन जानार हाय का न्हाय, तेवढं बोला!" मी घामाघूम. आणि या मॅडम बाहेर आल्या, एवढी माणसं बघून खूश झाल्या, सगळ्यांना खाली बसवलं आणि चंद्र रोज उशिरा का उगवतो ते शिकवायला घेतलं! मोर्च्याला चहा कोणी केला? मी.

एवढं होऊनही मी गप्प होतो. का? तर हिची निवृत्ती जवळ आली होती. मला निरोप देताना आगारातल्या मित्रांनी आरामखुर्ची दिली. तेव्हापासून मी तिच्यात बसून आहे. म्हटलं, हिलाही शाळा एक देईल, मग ओटीवर दोघं शेजारी शेजारी बसू. खुर्ची आली आहे, ती बघा, फुलं लावून ठेवली आहे. आणि परवा ही काय सांगते? अलिबागच्या कॉलेजात समुद्राच्या अभ्यासाला प्रवेश घेतलाय! सोमवार ते शुक्रवार तिकडेच, भाचीकडे राहणार. या वयात! वर्गातली मुलं हिला आजी म्हणतील. "आणि मी?" म्हटलं. तर म्हणाली, "तुम्ही बांबू बघा. मी नसताना कोणीतरी बघायला नको?"

मंडळी, मला राग आला. पण खरं सांगतो, रागापेक्षा भीती जास्त वाटली. आमची लेक रुचिका पुण्याला. घरात मी आणि ती खुर्ची. मला कोणी काही विचारणार नाही. ज्या "का"ला मी इतकी वर्षं कंटाळलो, तो ऐकू येणार नाही, या विचारानंच मला जेवण जाईना.

म्हणून आज सकाळी ही साडी नेसत होती तेव्हा मी खाडीवर गेलो. आज द्वादशी. म्हटलं, नऊला पाणी थांबलेलं डोळ्यांनी बघतो आणि भर सभेत हिला सांगतो की आजोबा बरोबर होते. नऊ वाजले. पाणी चढत होतं. सव्वानऊ झाले, तरी चढतच होतं. पुढे जाऊन पट्टा नीट बघावा म्हणून पाण्यात उतरलो. इकडे तुमचे फोनवर फोन. पण मी कसा निघू? अजून थांबलंच नव्हतं! आयुष्यभर लोकांना भरतीची वेळ सांगितली, पण काठावर उभं राहून ती कधी बघितली नव्हती.

अध्यक्ष महाराज, एक विनंती आहे. ती नवी खुर्ची शाळेतच राहू द्या. आणि उद्या एखादा टेम्पो पाठवा, माझीही घेऊन जा.

आपण सर्वांनी आमच्या केसरला जीव लावलात, तिचे प्रश्न सोसलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वैतागाच्या भरात कोणाचा मान राहून गेला असेल, नको ते बोललो असेन, तर घरचा माणूस समजून पोटात घाला. खालची सतरंजी ओली केली, तीही.

आणि केसर, नऊनंतर पाणी का चढत होतं, ते जाण्याआधी मला सांगून जा.

नको. सांगू नकोस. शनिवारी येशील, तोवर मी बघतो.