मनकर्णा काकूंचं लाईव्ह लोकेशन

जबाब देणारीचं नाव : संस्कृती भागवत वाळुंज, वय १९ वर्षे, धंदा शिक्षण (बी.सी.एस. दुसरं वर्ष), रा. लिंबाचा मळा, देवळाली प्रवरा, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर.

मी आज शनिवारी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आई, पप्पा आणि मोठा भाऊ करण यांच्यासोबत राहते. माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं आहे. मराठी वाचता येतं, लिहायला वेळ लागतो, म्हणून मी सांगते आणि हवालदार साहेब लिहून घेत आहेत.

मागच्या महिन्यात आमच्या मळ्यात उसातून बिबट्या निघाला आणि दोन शेळ्या नेल्या. त्यानंतर मी 'मळा अलर्ट' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मेंबर सत्तेचाळीस, ॲडमिन मी एकटी. पोल कसा टाकायचा, मेसेज पिन कसा करायचा, लाईव्ह लोकेशन कसं चालू करायचं, हे मी घरोघरी जाऊन शिकवलं. लोकांना आवडलं. विजेच्या डीपीवर फ्यूज टाकायला कोण जाणार, हेसुद्धा पोलवर ठरायला लागलं.

शेजारच्या मनकर्णा काकू, वय ६१, एकट्याच शेळ्या चारतात, म्हणून मी माझा जुना फोन त्यांना दिला. रोज सकाळी आठला मी जाऊन त्याचं लाईव्ह लोकेशन आठ तासांसाठी चालू करून द्यायचे. मी सांगितलं होतं, "काकू, हा फोन जिथे जाईल ते आम्हाला दिसतं." त्या म्हणाल्या होत्या, "मला म्हातारीला कोन नेतंय गं? त्यो शेळीच नेनार." त्यावर मी हसले होते.

काल शुक्रवारी दुपारी १२.०५ वाजता मी जेवत असताना फोन बघितला. नकाशावर काकूंचा ठिपका राहुरीच्या रस्त्याने जोरात चालला होता. काकू एकट्या कधी गाडीत बसत नाहीत. मी चार कॉल केले. रिंग गेली, कोणी उचलला नाही. मी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला आणि लिहिलं, 'मनकर्णा काकूंना कोणीतरी गाडीत घालून नेतंय.' खाली पोल टाकला : 'गाडी फाट्यावर अडवायची का?' पर्याय हो आणि नाही. सहा मिनिटांत 'हो'ला एकतीस मतं, 'नाही'ला शून्य. पहिलं मत माझं होतं.

काकूंचं घर आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. मी तिथे गेले नाही. का गेले नाही असं विचारल्यावरून सांगते की, ठिपका तिथे नव्हता.

मी आणि करण मोटारसायकलवर फाट्यावर पोचलो, तेव्हा पंधरा-वीस जण जमले होते आणि पांढरा टेम्पो अडवलेला होता. चालक आसाराम, वय अंदाजे ५५, हे शेळ्यांचे व्यापारी आहेत हे मला नंतर समजलं. आमच्या मळ्यातल्या ओंकारने त्यांना खाली उतरवून विचारलं, "म्हातारी कुठंय?" ते म्हणाले, "कसली म्हातारी वो? शेरडं हाईत. काष्टीच्या बाजाराला चाललोय." ओंकार म्हणाला, "तिकडं माणसांचा पण बाजार भरतो काय?" काही लोक हसले. आसाराम "बघा की तुमीच" म्हणत ताडपत्रीची दोरी सोडायला गेले. तेवढ्यात मी खात्रीसाठी काकूंचा नंबर परत लावला.

रिंग टेम्पोत वाजली. मी मोठ्याने म्हणाले, "आतच आहेत."

त्यानंतर मारहाण झाली. अंदाजे चार मिनिटं. रिंग थांबली की मी परत कॉल लावत होते. कॉल लॉगमध्ये फाट्यावरचे सात कॉल आहेत.

शेवटी ताडपत्री मी सोडली. आत अकरा शेळ्या होत्या. रिंग एका काळ्या शेळीच्या गळ्यातून येत होती. गळ्यात कापडाची शिवलेली पिशवी होती, त्यात माझा जुना फोन होता. "थांबा, शेळी आहे," असं मी ओरडले. पहिल्यांदा कोणी ऐकलं नाही.

काकू दीड वाजता दुसऱ्याच्या रानातून कांदा खुरपून घरी आल्या. बिबट्या शेळीच नेणार म्हणून फोन त्यांनीच शेळीला बांधला होता. त्यांचे पती सहादू नाना यांनी अकराच्या सुमारास ती शेळी आसाराम यांना विकली. पिशवीत नजरेचा ताईत असेल असं नानांना वाटलं. काकू म्हणाल्या, "इकायच्या आदी इचारायचं तरी." नाना म्हणाले, "शेळीला फोन येतो, हे तू सांगाया पायजे हुतं." कोणी हसलं नाही.

आसाराम यांचा उजवा हात मोडला आहे आणि दोन दात पडले आहेत. संध्याकाळी मी काकूंसोबत दवाखान्यात गेले. आसाराम यांनी मला ओळखलं. म्हणाले, "फोन लावत हुती ती तूच ना? मी सोडतच हुतो की गं दोरी."

घरी आल्यावर माझे चुलते आप्पासाहेब म्हणाले, "तू ॲडमिन हायेस ना? मग सगळ्यांचं डिलीट कर. पोल बी काढ." करण जेवला नाही. मी काहीही डिलीट केलेलं नाही. पोलमध्ये कोणी काय मत दिलं ते नावानिशी दिसतं. त्याचे स्क्रीनशॉट आणि एक्सपोर्ट केलेलं पूर्ण चॅट मी हजर करत आहे.

मारणाऱ्यांपैकी मी कोणाला ओळखते असं विचारल्यावरून मी दोन नावं सांगितली.

वरचा मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात मारणाऱ्यांपैकी ओंकार हे एकच नाव आलं होतं. दुसरं मी इतकं हळू सांगितलं की ऐकू आलं नाही, असं साहेब म्हणाले. मी ते परत सांगितलं : करण भागवत वाळुंज, वय २३, माझा सख्खा भाऊ. पहिला फटका त्याने मारला. ते लिहून झाल्यावर जबाब पुन्हा वाचला. आता तो मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.