दात पडल्यावर

वनमाला : तोंड उघड, शिवकन्या. आणखी जरा. अगं बाई, हिरडी पार सोललीय की! म्हाळूभाऊ, हे कशानं झालं?

म्हाळू : कोकरानं ढुशी दिली म्हनती. तुमच्या अंगणवाडीत मलम असंल म्हनून आलो, ताई. लावा अन् सोडा आमाला. उद्या पहाटं मेंढरं हलवायचीत आष्टीकडं. बिऱ्हाड बांधायचं हाय अजून.

वनमाला : हिरडीला कसलं मलम लावताय? मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरायला लावा. आणि थांबा दोन मिनिटं. चल गं, काट्यावर उभी राहा.

म्हाळू : काट्यावर कावून? दात दुखतोय तिचा.

वनमाला : पंधरा किलो सातशे. उतर. म्हाळूभाऊ, कितवं चालू आहे हिला?

म्हाळू : आता कोन मोजतंय! सहा-सात असंल.

वनमाला : असंल काय? पोर तुमची ना? हिचा जन्म मी ह्या हातानं रजिस्टरात लिहिलाय, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आठ सरून चार महिने झाले. तीन वर्षं झाली, जून लागला की हिच्या शाळेसाठी तुमच्या दारात येते मी. चपला झिजल्या माझ्या. अन् तुमचं आपलं एकच, पुढच्या साली.

म्हाळू : खोटं न्हाई बोललो, ताई. आमच्या घरात दात पडल्याबिगर शाळंत घालत न्हाईत. आज्याच्या आदीपसून चालत आलंय. दुधाच्या दाताचं लेकरू कोवळं असतं, त्याला आईपसून तोडू न्हाई. मला बी तसंच घातलं व्हतं. हिचा एक बी पडला न्हाई. तुमी आत्ता बघितलं न्हवं?

वनमाला : बघितलं. अन् तुमच्या भावाची स्वप्ना? ती तर हिच्यापेक्षा वर्षानं धाकटी.

म्हाळू : ती केजात ऱ्हाती. अंगानं कशी गुबगुबीत! सहाव्यालाच पुढचे पडून नवे आले. शाळंत बी बसली. तिची गोष्टच अलग हाय.

वनमाला : काय अलग?

म्हाळू : खाऊनपिऊन हाय ती.

वनमाला : हं. बरं, मला मेंढरांतलं काही कळत नाही. तुम्ही सांगा. कोकराचे दुधाचे दात कधी पडतात?

म्हाळू : हे काय इचारायचं! वरीस-सव्वा वर्साला मधले दोन पडत्यात, मोठे येत्यात. मंग त्याला दोन दाती म्हनायचं.

वनमाला : सगळ्यांचेच?

म्हाळू : न्हाई, खुराकावर हाय ते. अंगानं भरलेलं असलं की लवकर. दुष्काळात चारा न्हवता न्हाई का, तवा पावणेदोन वर्साची झाली तरी दुधाच्याच दाताची. भले भले येपारी फसले. तोंड उघडून दात बघायचे, कोकरू समजायचे, अन् ते निघायचं...

वनमाला : बोला.

(म्हाळू पोरीकडं बघत राहतो.)

वनमाला : बोला की, भाऊ. काय निघायचं?

म्हाळू : उपाशी ऱ्हायलेलं.

वनमाला : पोरांचंही असं होतं. वजन लई कमी असलं की दातसुद्धा मागं राहतात. डॉक्टरला दाखवायला पाहिजे हिला.

म्हाळू : मेंढरू हातात आलं की पयलं तोंड बघतो मी. जलम गेला त्यात. हिचं बी बघायचो, दर सनाला. अन् म्हनायचो, कोवळी हाय अजून माझी. लाज वाटती, ताई.

वनमाला : शिवकन्या, इकडं बघ. खरं सांग, कोकरानंच मारलं का?

शिवकन्या : ... दगडानं.

म्हाळू : कोन मारला दगूड? नाव सांग!

शिवकन्या : म्याच. आदी दोरा बांधून वढला. न्हाई पडला. मंग दगडानं ठोकला.

म्हाळू : येड लागलं का गं तुला? कावून?

शिवकन्या : उद्या जायाचंय न्हवं. आज पडला असता तर मला आजीपाशी ठिवलं असतं. शाळंत.

वनमाला : बसा, म्हाळूभाऊ. पाणी घ्या.

म्हाळू : बारकी सोळा कोकरं हायत, ताई. समदी हिच्याच भरोशावर. ती कोन बघंल?

वनमाला : मी काय सांगू? कोकरं सांभाळायची योजना नाही माझ्याकडं. शाळेत दुपारचं जेवण आहे. हिच्या आजीचे, बायडाबाईचे, गुडघे गेलेत, म्हातारी इथंच राहते. केजच्या दवाखान्यात मी नेते हिला. एवढंच आहे माझ्या हातात. दमले मीही आता तुमच्या मागं लागून.

म्हाळू : हिची आई बघंल कोकरं. तिला तरी कवा इसावा हाय? लिवा नाव.

वनमाला : परत पुढच्या साली म्हणाल...

म्हाळू : लिवा म्हनतो न्हवं! माझं मन फिरायच्या आत लिवा.

शिवकन्या : बाई...

वनमाला : काय गं?

शिवकन्या : दात न्हाई पडला तरी घेत्यात?

वनमाला : घेतात.

शिवकन्या : मंग आता न्हाई हालवीत. लई दुखतंय.