नितीनच्या वहीतला वारा

मला सांगा, नेम चुकला तर भरवसा कुणावर ठेवायचा? रायफलवर, वाऱ्यावर, की स्वतःच्या वहीवर?

इथे न्यूझीलंडात, पामर्स्टन नॉर्थमधला आमचा नितीन, मूळचा पुण्याचा इंजिनियर, रायफलची काडतुसं घरीच भरतो. लांबच्या निशाण्यावर त्याच्या पाच गोळ्या कधी बशीएवढ्या जागेत बसायच्या, तर कधी परातही पुरायची नाही. एकदा माझ्या मसाल्याच्या दुकानात येऊन म्हणाला, "काका, रायफल विकून टाकतो. हरीण नुसतं जखमी होऊन पळालं तर ते पाप मला सोसायचं नाही."

"आधी वही दाखव."

चांगले नेम सुबक मांडलेले, वाईट सगळे खोडलेले. प्रत्येक खोडलेल्या ओळीपुढे एकच शब्द, 'वारा'.

"हे खोडलेले नेम ज्यांचे, ती काडतुसं भरलीस कधी?"

"कडाक्याच्या थंडीत. का हो?"

त्याच्या घरी गेलो आणि टेबलाच्या वर भिंतीवर असलेला हीट पंप, म्हणजे गरम हवा सोडणारा एसी, लावायला सांगितला. खिडकीबाहेर टेकडीवरच्या पवनचक्क्या धुक्यात झोपेत असल्यासारख्या फिरत होत्या. टेबलावर बंदुकीची दारू तोलायचा उघडा काटा होता. त्याचे आकडेही तसेच, स्वप्नात असल्यासारखे, हळूहळू वरखाली होऊ लागले. मी केशर काचेच्या पेटीत तोलतो, ते उगाच नाही.

नितीनने हीट पंप बंद केला, तसे आकडे थांबले. "म्हणजे थंडीत भरलेल्या प्रत्येक काडतुसात दारू कमीजास्त पडली! वाराच होता, काका!"

"होता ना. पण डोंगरावर नाही राजा, तुझ्या डोक्यावर."

रायफल काही विकली नाही. नेम का चुकतो याचं उत्तर त्या खोडलेल्या ओळींतच पडून होतं. तेव्हा मंडळी, वही कसलीही ठेवा, चुकलेलंही तेवढं खरं मांडा.