साहेब, पुढे चालू

नाही नाही दादा, उभ्याने कॉम्प्युटरचं काम कसं करणार तुम्ही, खुर्ची घ्या ना — त्यावरचे केस झटकू नका, मांजराचे आहेत, उडून नाकात जातात, वर्तमानपत्र टाका आणि बसा. हं. आता बघा. हा तक्रारीचा रकाना. मालक सांगतात ते मी यात लिहिते, नीट, सगळं, आणि सेव्ह दाबलं की हे लाल. दिसलं? मजकूर लांब आहे म्हणे. असेल लांब! आजारी जनावर आहे, तार थोडीच पाठवतेय मी?

तुम्ही म्हणाल, बाई, कमी लिहा. म्हणा, सगळेच म्हणतात. पण डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलंय — जनावराला बोलता येत नाही, तेव्हा मालक बोलेल ते शब्द न् शब्द उतरवून घ्या. आणि मालक काय थोडं बोलतात? कुत्र्याचं पोट सांगायला बसतात आणि आधी सुनेवर येतात. मी सूनही लिहिते. काय सांगावं, तिच्यामुळेच बिघडलं असेल पोट. एकदा तसंच निघालं, ती लपूनछपून केक घालत होती त्याला.

काय? आधी चालायचं का? चालायचं हो, पण कसं — तेव्हा लाल यायचं नाही, मशीन गुपचूप शेपूट कापायचं. मजकुराचं. आम्हाला पत्ताच नाही. एका कुत्र्याचं मी लिहिलं होतं, कुठून आणला, झोपतो कुठे, धाकट्या लेकीचा किती लाडका, स्वभावाने अगदी गरीब, फक्त कानाला हात लावला की कडकडून चावतो. त्यातलं ‘कानाला हात लावला’ इथपर्यंतच मावलं. डॉक्टरांनी वाचलं, आणि लावला.

महत्त्वाचं आधी लिहायचं? तुम्हीपण तेच! अहो, माणूस समोर बसलाय, त्याच्या कुत्र्याची साधी विचारपूस नाही आणि पहिलाच शब्द ‘चावतो’? मला नाही जमत. आमचे हे म्हणतात, तुझं वाक्य सुरू झालं की मी आंघोळीला जातो, शेवट ऐकायला बरोबर वेळेवर परत येतो.

मग तुमच्याआधी ते चष्मेवाले आले, त्यांनी ते कापणं बंद केलं आणि हे लाल सुरू केलं. निदान कळेल तरी, म्हणाले. कळलं हो, पण मावायचं कुठे? — काय सांगता? आपलं एक अक्षर तिथे तिघांची जागा खातं? इंग्रजीत तिप्पट मावलं असतं? बघा म्हणजे! आणि मी इतके दिवस स्वतःला बडबडी समजत होते.

झालं? एवढंच? एक ओळ लिहिलीत आणि रकाना मोठा? मग हे बिनकामाचं लाल मी उगाच सोसत — थांबा, लिहून बघते. सेव्ह. — अगं बाई, परत लाल! काय झालं? अच्छा, प्रत्येक नोंदीची एक प्रत दुसरीकडे जाते, तिथला रकाना अजून लहानच आहे. म्हणजे खोली वाढवली आणि माळा तसाच. करा, करा, तोही करा.

हे? हे काही नाही. पेशंटची यादी खाली नका ना सरकवू — साहेब म्हणजे मांजर हो. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांचं. त्यांची तक्रार एका रकान्यात मावेना, मग मी काय केलं, एक नवीन पेशंट उघडला, ‘साहेब, पुढे चालू’. मग ‘साहेब, आणखी पुढे’. मग ‘साहेब, समाप्त’. लाल नाही, काही नाही, शांतपणे घेतलं मशीनने. फक्त लसीची आठवण फोनवर आपोआप जाते ना, ती प्रत्येकाची वेगळी गेली. बाई धापा टाकत आल्या, मांजर छातीशी घट्ट धरलेलं, समाप्त कोण म्हणालं माझ्या साहेबाला!

सगळ्यांचंच असं केलंय का? छे, जे लांब बोलतात त्यांचंच फक्त. म्हणजे — हो. सगळ्यांचंच.

मोजू नका ना दादा. तो आकडा महिन्याच्या महिन्याला डॉक्टरांच्या मोबाईलवर जातो, किती पेशंट वाढले त्याचा. किती खूश आहेत ते! बाहेर बघा, बाकावर कोण आहे? एक आजी आणि एक कोंबडी. तरी डॉक्टर म्हणतात, गर्दी दिसत नाही कारण माझा हात जलद झालाय. वहिनींना फोनवर सांगत होते — इतक्या वर्षांनी लोकांना पटलं बघ माझं काम. खरं सांगायला म्हणून दोनदा सुरुवात केली मी, पण ‘डॉक्टर, त्याचं असं झालं’ इथपर्यंत पोचते आणि कोणीतरी ओरडणारं मांजर घेऊन येतं.

आत? आत शेजारच्या दुकानाचे मालक बसलेत. ही भिंत पाडायची आहे ना. एवढे पेशंट मावायचे कुठे, म्हणून डॉक्टर ते दुकान घेतायत, राहतं घर तारण ठेवून. कागद तयार आहेत. आज सही. म्हणजे आत्ताच. म्हणून तर बोलावलं मी तुम्हाला सकाळीच — रकान्याचं काय, रकान्यावाचून माझं चाललंच होतं. म्हटलं, तुम्ही हे सगळे साहेब जोडून एक कराल, आकडा खाली येईल, डॉक्टर मोबाईल बघतील, आपोआप कळेल त्यांना. मला बोलायलाच नको. — किती वेळ लागेल? उद्यापर्यंत? अहो, उद्या काय करू मी त्याचं!

शू. दार वाजलं.

काय डॉक्टर? पेन? त्यांचं चालत नाही का? आहे ना, हे काय, हातातच — डॉक्टर, त्याचं असं झालं, की ते साहेब होते ना, मुख्याध्यापिकांचे, तर त्यांची तक्रार — नाही. थांबा.

सही करू नका.

हो, मीच बोलले. पेन राहू दे माझ्याकडे. बसा, डॉक्टर, बाकीचं लांब आहे. दादा, तुम्ही निघा आता, आणि जाता जाता त्या आजींना सांगा, कोंबडीला अजून थोडा वेळ लागेल.